मोझार्टच्या पत्रापलीकडचा क्लेमेंटी

एका आईने विचारलं आहे: मुलगी पियानोच्या ग्रेड परीक्षेसाठी क्लेमेंटीची सोनाटिना बसवते आहे, ओपस 36 मधली (ओपस म्हणजे रचनांच्या प्रकाशनाचा क्रमांक) पहिली, सी मेजरची. तिला ती कोरडी वाटते. त्यातच आईच्या वाचनात आलं की खुद्द मोझार्टने या माणसाला 'नुसता यांत्रिक' म्हटलं होतं. मग हा क्लेमेंटी होता तरी कोण, सोनाटिनांखेरीज त्याने काही केलं का, आणि मुलीने पुढे त्याचं काही वाजवावं का?

प्रश्न मनापासून आवडला. मुंबई-पुण्यात काय किंवा गोव्यात काय, पियानो शिकणारं मूल या सोनाटिनेला वळसा घालून सहसा पुढे जात नाही. मी कित्येक वर्षं ती शिकवते आहे. एवढं ओळखीचं नाव, आणि त्यामागच्या माणसाबद्दल आपण मुलांना अक्षरही सांगत नाही, याची मला खंत वाटते. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मुत्सियो क्लेमेंटीचा जन्म 23 जानेवारी 1752चा, रोममधला. म्हणजे मोझार्टपेक्षा चार वर्षांनी मोठा. वडील निकोलो चांदीकाम करणारे कारागीर, आई मूळची स्विस. मुलाचा हात आणि कान लहानपणीच लक्षात आले, चर्चच्या संगीतातल्या जाणत्यांकडे त्याचं शिक्षण सुरू झालं आणि चौदाव्या वर्षी तो रोमच्या सान लोरेंझो इन दामासो या चर्चमध्ये ऑर्गनवादक म्हणून लागलाही.

त्याच सुमारास पीटर बेकफर्ड नावाचा एक श्रीमंत इंग्रज तरुण इटलीत हिंडत होता. या घराण्याचा पैसा जमैकातल्या उसाच्या मळ्यांतून, म्हणजे गुलामांच्या श्रमातून आलेला. त्याने मुलाचं वादन ऐकलं आणि वडिलांशी करार करून त्याला इंग्लंडला नेलं. पुढे बेकफर्डनेच लिहून ठेवलंय की आपण या मुलाला बापाकडून सात वर्षांसाठी विकत घेतलं. वाक्य वाचताना अंगावर काटा येतो, पण त्या काळच्या श्रीमंताला त्यात काही वावगं वाटलं नाही. बदल्यात मुलाने डॉर्सेट परगण्यातल्या त्याच्या वाड्यात राहायचं, शिकायचं आणि घरच्यांचं मनोरंजन करायचं.

त्या खेड्यातल्या वाड्यात क्लेमेंटीला शिकवायला कुणी मोठा उस्ताद नव्हता. होती ती वाद्यं, स्वरलिपीची पुस्तकं आणि मोकळा वेळ. तो रोज आठ-आठ तास हार्पसिकॉर्डवर, म्हणजे पियानोच्या आधीच्या पट्ट्यांच्या वाद्यावर, बसायचा असं सांगतात. यजमानाने मध्येच बोलावलं आणि तास बुडाला, तर दुसऱ्या दिवशी भरून काढायचा. समोर कुणाचं संगीत होतं? योहान सेबास्टियान बाख आणि त्याचा मुलगा कार्ल फिलिप इमॅन्युएल, हँडल, डोमेनिको स्कार्लाटी. ही नावं मुद्दाम सांगते. स्कार्लाटीकडून त्याने हातांच्या उड्या आणि डबल नोट्सची, म्हणजे एकाच हाताने दोन सूर एकदम वाजवण्याची, मजा उचलली, बाखकडून एकाच वेळी चालणाऱ्या अनेक सुरावटींचा ध्यास. बाखचा ध्यास तर शेवटपर्यंत सुटला नाही. 'वेल-टेम्पर्ड क्लेव्हिअर'च्या दुसऱ्या भागाचं जे हस्तलिखित आज ब्रिटिश लायब्ररीत आहे, ते एके काळी क्लेमेंटीच्या मालकीचं होतं. सामान्य श्रोता बाखला जवळजवळ विसरला होता, तेव्हाची ही गोष्ट.

1774मध्ये करार संपला आणि बावीस वर्षांचा क्लेमेंटी लंडनला आला. सुरुवातीची काही वर्षं तो किंग्ज थिएटरमध्ये इटालियन ऑपेराच्या वाद्यवृंदात हार्पसिकॉर्ड सांभाळत होता. 1779मध्ये त्याच्या ओपस 2 सोनाटा छापून आल्या आणि नाव झालं. त्यातल्या एका सोनाटात उजव्या हाताला सप्तकांच्या जोड्या भराभर वाजवायच्या आहेत. तशी करामत लोकांनी पूर्वी पाहिली नव्हती. त्यानंतर तो युरोपच्या दौऱ्यावर निघाला. पॅरिसमध्ये राणी मारी आंत्वानेतपुढे वाजवलं आणि 1781च्या अखेरीस व्हिएन्नाला पोचला.

आता ते प्रसिद्ध प्रकरण. तारीख 24 डिसेंबर 1781. सम्राट दुसरा जोसेफ याच्याकडे रशियाचा युवराज पॉल आणि त्याची पत्नी पाहुणे म्हणून आले होते. सम्राटाने त्यांच्या करमणुकीसाठी दोन वादक समोरासमोर बसवले. क्लेमेंटीला तिथे आणखी कुणी वादक असेल याची कल्पना नव्हती. तिथला एक उंची पोशाखातला गृहस्थ त्याला दरबारी मानकरी वाटला. बोलणं सुरू झालं तेव्हा कळलं की हा मोझार्ट. दोघांनी आधी आपापलं वाजवलं. क्लेमेंटीने आपली बी फ्लॅट मेजर सोनाटा आणि डबल थर्ड्सनी (मधला एक स्वर सोडून घेतलेल्या दोन सुरांच्या जोड्यांनी) भरलेली टोकाटा ही जलद रचना वाजवली. मग इटालियन रचनाकार पैसिएल्लोच्या हस्ताक्षरातल्या सोनाटा पुढे आल्या, अक्षर अगदी वाईट. त्यातले जलद भाग मोझार्टने आणि संथ भाग व राँडो क्लेमेंटीने नजरेसरशी वाजवले. शेवटी दोघांनी एक धून घेऊन दोन पियानोंवर तिचा विस्तार केला. मोझार्टने काउंटेस टूनकडून चांगला पियानो मागून आणला होता, पण दोघांनी एकत्र वाजवताना त्याच्या वाट्याला दुसरा आला: सूर उतरलेला आणि तीन पट्ट्या अडकलेल्या. सम्राट म्हणाला, चालेल.

तीन आठवड्यांच्या आत मोझार्टने वडिलांना पत्रात लिहिलं की क्लेमेंटीचा उजवा हात चांगला आहे, थर्ड्स ही त्याची खासियत, पण त्यापलीकडे रुची आणि भावना दमडीचीही नाही, नुसता यांत्रिक वादक. दीड वर्षाने, जून 1783मध्ये, आणखी कडक शब्द आले. क्लेमेंटी इटालियनांसारखाच भोंदू आहे, प्रेस्टो लिहितो आणि अलेग्रोत वाजवतो. त्याच पत्रात बहिणीला निरोप आहे की क्लेमेंटीच्या सोनाटांतले सहाव्या स्वरांचे आणि सप्तकांचे पॅसेज फार घोटत बसू नकोस, हाताचा शांतपणा आणि हलकेपणा बिघडेल.

हा शेवटचा निरोप मी शिक्षिका म्हणून गंभीरपणे घेते. मनगट आवळून थर्ड्स आणि सप्तकं तासन् तास घोटणाऱ्या मुलांचे हात आजही बिघडतात. मोझार्टची ही सूचना अस्सल जाणकाराची आहे. माणसाबद्दलचा त्याचा निकाल मात्र मी तसाच्या तसा घेत नाही. त्या वेळी मोझार्ट साल्झबर्गची नोकरी सोडून नुकताच व्हिएन्नात आला होता. पक्की नोकरी नव्हती, पोट शिकवण्यांवर आणि मैफलींवर. अशात राजदरबारात एक परका वादक येऊन वाहवा मिळवतो आणि मोझार्ट ते वडिलांना कळवतो. खाजगी पत्रातला तो सूर समजण्यासारखा आहे. दोनशे वर्षं आपण त्यालाच न्यायनिवाडा मानत आलो, हे मात्र बरोबर झालं नाही.

क्लेमेंटीने काय केलं बघा. मोझार्टबद्दल तो आयुष्यभर चांगलंच बोलला: इतक्या चैतन्याने आणि लालित्याने वाजवणारा आपण तोवर ऐकला नव्हता, असं. स्वतःबद्दलही त्याने 1806मध्ये आपला शिष्य लुडविग बर्गर याला मोकळेपणाने सांगितलं. त्याचा आशय असा: त्या काळी मला चमकदार करामतींचं, विशेषतः डबल नोट्सच्या पॅसेजचं वेड होतं. गाता आणि भारदस्त बाज माझ्या वादनात नंतर आला. मोठमोठे गायक लक्ष देऊन ऐकत गेलो आणि इंग्लिश पियानो हळूहळू सुधारत गेले, त्यामुळे तो आला. आधीच्या पियानोंची घडणच अशी होती की त्यांवर सलग, गाता सूर धरणं जवळजवळ अशक्य होतं.

क्लेमेंटीची सगळी कारकीर्द मला या बोलण्यात सापडते. वाद्य बदलत गेलं तसा हा माणूस बदलत गेला, आणि पुढे तर त्याने वाद्यच बदलायला घेतलं.

त्यासाठी त्या काळच्या पियानोंमधला फरक थोडा समजून घ्यायला हवा. व्हिएन्नाचे पियानो हलके होते. पट्टी थोडीच खाली जायची, हातोडी चटकन तारेवर पडायची आणि पट्टी सोडली की सूर लगेच स्वच्छ थांबायचा. मोझार्टचं संगीत या बोलक्या, सुट्या आवाजातून आलेलं आहे. लंडनच्या पियानोंची पट्टी जड, खोल जाणारी, आवाज भरदार. बोट उचलल्यावरही सुराची थोडी आस मागे राहायची. अशा वाद्यावर तुटक वाजवलं तर नुसता गोंगाट होतो, सूर एकमेकांत गुंफले तर वाद्य गायला लागतं. 1801मध्ये क्लेमेंटीने पियानोवादनाचं एक प्राथमिक पुस्तक काढलं. त्यात स्पष्ट नियम आहे: लेगाटो (सूर एकमेकांत गुंफून) की स्टकाटो (तुटक) हे रचनाकाराने वादकावर सोडलं असेल, तेव्हा मुख्यतः लेगाटो धरावं, स्टकाटो राखून ठेवावा, एखाद्या पॅसेजला चैतन्य द्यायला किंवा लेगाटोचं सौंदर्य उठून दिसावं म्हणून. आज आपल्याला हे सहज वाटतं. त्या वेळी हार्पसिकॉर्डवर तयार झालेल्या पिढीला सगळी सवय उलटी करावी लागली. बीथोवनलाही हे पुस्तक पसंत होतं; मित्राच्या लहान मुलासाठी, गेरहार्ड फॉन ब्रॉयनिंगसाठी, त्याने तेच मागवून दिलं.

आयुष्याकडे परत येते. 1784मध्ये फ्रान्समधल्या लिऑनला एका बड्या घरच्या मुलीशी त्याचं प्रेम जमलं आणि दोघं पळून गेले. वडिलांनी मुलीला परत आणवलं, क्लेमेंटी काही काळ स्वित्झर्लंडमध्ये गप्प राहिला आणि 1785मध्ये लंडनला परतला. पुढची वीसेक वर्षं तो लंडनमधला सर्वात नावाजलेला पियानो शिक्षक होता. 1790 नंतर मैफलीत एकट्याने वाजवणं त्याने बंद केलं. सिंफनीही लिहिल्या, पण 1791मध्ये हायडन लंडनला आला आणि सगळ्यांचं लक्ष तिकडे गेलं. क्लेमेंटीच्या उत्तरकाळच्या सिंफनी छापल्याच गेल्या नाहीत. उरलेल्या कागदांवरून त्या विसाव्या शतकात जुळवाव्या लागल्या.

मग त्याच्या आयुष्यातलं मोठं वळण आलं. लाँगमन अँड ब्रॉडरिप ही लंडनची संगीत छापणारी आणि वाद्यं बनवणारी पेढी 1795मध्ये बुडाली. क्लेमेंटीने शिकवण्यांतून साठवलेला पैसा घातला आणि 1798पासून भागीदारीत तो धंदा चालवायला घेतला. नामवंत कलाकाराने दुकान थाटावं याचं आपल्याकडे आजही लोकांना नवल वाटतं. पण नीट बघितलं तर त्याच्या शिकवण्याचीच ही पुढची पायरी होती. त्याला हवा तसा पियानो हवा होता, विद्यार्थ्यांना द्यायला चांगली छापील पुस्तकं हवी होती, आणि दोन्ही स्वतः बनवता आली तर उत्तमच.

तुमच्या मुलीची सोनाटिना याच काळातली, 1797मधली. लिहिणारा पंचेचाळीस वर्षांचा, व्हिएन्नाची ती चढाओढ मागे टाकून आलेला, गायकांकडून शिकलेला, हाताखालून शेकडो विद्यार्थी गेलेले. सहाही सोनाटिनांवर बोटांचे आकडे त्याने स्वतः घातले. त्या काळच्या इंग्लिश पद्धतीत अंगठ्याला फुलीची खूण आणि बाकीच्या बोटांना 1 ते 4 असायचे, म्हणून जुनी प्रत पाहिली तर आकडे चुकल्यासारखे वाटतात. पुढे 1820च्या सुमारास त्याने या सोनाटिना सुधारून पुन्हा छापल्या. तोवर पियानोवरची पट्ट्यांची रांग लांब झाली होती, वर आणखी सूर आले होते; त्याने काही जागा उचलून वर नेल्या. तेव्हा दोन पुस्तकांत दोन पाठ दिसले तर गोंधळू नका, दोन्ही त्याचेच आहेत.

आता पहिल्या सोनाटिनेचा पहिला भाग पियानोवर उघडून ठेवा आणि मुलीला शेजारी बसवा. जेमतेम 38 बार (स्वरलिपीतले उभ्या रेघांमधले भाग) आहेत. पहिल्या बारमध्ये सुरावट सी, ई, सी करून खालच्या जीवर येते आणि तिथे दोनदा टेकते. दुसऱ्या बारमध्ये सुरुवात हुबेहूब तीच, पण या वेळी ती वरच्या जीवर उडी घेते, आणि तिसऱ्या बारपासून पळत खाली येते. बहुतेक मुलं दोन्ही बार एकाच वजनाने ठोकतात. मुलीला विचारा: पहिल्यांदा खाली गेलीस, दुसऱ्यांदा वर, दोन्हीचा भाव सारखा कसा असेल? मग पहिल्या बारमधले दोन जी मी वेगळे करून घेते. दुसरा पहिल्यापेक्षा हलका, आणि दुसऱ्या बारच्या उडीआधी अगदी किंचित श्वास. गाणारा माणूस जिथे दम घेईल तिथेच.

पंधराव्या बारला संगीत जी मेजरमध्ये थांबतं. सोळाव्या बारला तीच सुरावट परत येते, पण ई उतरलेला असतो. म्हणजे आपण सी मायनरमध्ये आलो. एकाच सुराने अख्ख्या खोलीतला उजेड बदलतो. मुलं हा ई फ्लॅट परीक्षेत चुकू नये म्हणून घोटतात, त्याने काय झालं ते ऐकतच नाहीत. मी तिथे थांबवते आणि आधी मेजर, मग मायनर असे दोन्ही बार पाठोपाठ वाजवून ऐकवायला सांगते. बहुतेकांचे डोळे तिथेच मोठे होतात. मग चोविसाव्या बारला मूळ सुरावट घरी येते ती एक सप्तक खाली, पहिल्यापेक्षा शांत, जाड आवाजात. पंधरा बार मांडणी, आठ बार भटकंती, पंधरा बार परतणं. हायडन-बीथोवनच्या सोनाटात जो मोठा आराखडा असतो, तो सगळा इथे आहे. दहा वर्षांच्या मुलीच्या हाताला झेपेल एवढ्या जागेत तो बसवायचा तर मोठी शहाणीव लागते. नुसत्या यंत्राला हे जमणार नाही.

तांत्रिक बाबतीत एकच सांगेन. तिसऱ्या बारपासूनचे पळते सूर मनगट सैल ठेवून, लेगाटोत, आधी निम्म्या लयीत. वेग आपोआप येतो. घाईने आलेल्या वेगात पट्ट्यांची खडखड तेवढी ऐकू येते, आणि मग सोनाटिना कोरडी वाटते ती त्यामुळेच.

1802मध्ये क्लेमेंटी पुन्हा युरोपात निघाला, या वेळी व्यापारी म्हणूनही. बरोबर शिष्य जॉन फील्ड, वीस वर्षांचा आयरिश मुलगा. सेंट पीटर्सबर्गला क्लेमेंटीने पियानोंचं दालन उघडलं आणि गिऱ्हाइकांना वाद्याचा आवाज ऐकवायला फील्डला तासन् तास तिथे वाजवायला बसवायचा. जर्मन व्हायोलिनवादक लुई श्पोर याने आठवणींत लिहिलंय की एकदा तो भेटायला गेला तर गुरू-शिष्य बाह्या सरसावून आपापले मोजे धूत बसलेले. धोबी महाग आहे आणि कपड्यांची वाट लावतो, तुम्हीही असंच करा, असा सल्लाही मिळाला. क्लेमेंटीचा चिक्कूपणा प्रसिद्ध होता आणि फील्डला त्याची झळ बसली, हेही सांगितलं पाहिजे. त्या मुलाचा त्याने वापर करून घेतला. पण त्याच मुलाच्या बोटांतून तो गाता लेगाटो रशियात पोचला. फील्ड तिथेच राहिला आणि त्याने नॉक्टर्न हा पियानोच्या गात्या रचनेचा प्रकार निर्माण केला. शोपाँ त्याच वाटेने गेला. आणि शोपाँ आपल्या विद्यार्थ्यांचा हात कशावर घडवायचा? क्लेमेंटीच्या 'प्रेल्युड्स अँड एक्झरसायझेस'वर.

क्लेमेंटीच्या घरगुती आयुष्यात त्या वर्षांत मोठं दुःख आलं. 1804मध्ये त्याने बर्लिनच्या कारोलीन लेमानशी लग्न केलं; पुढच्याच वर्षी मुलगा झाला आणि काही दिवसांत ती गेली. पन्नाशी ओलांडलेला माणूस पुन्हा प्रवासाला लागला.

व्हिएन्नात बीथोवनशी त्याची गाठ पडायला वेळ लागला, कारण आधी कुणी कुणाकडे जायचं हा मानाचा प्रश्न. बीथोवनचा शिष्य रीस सांगतो की 1804च्या सुमारास दोघं एकाच खाणावळीत एकाच टेबलावर आपापल्या शिष्यांसह जेवायचे आणि एकमेकांशी अक्षर बोलायचे नाहीत. अखेर 1807मध्ये कोंडी फुटली. 20 एप्रिल 1807 रोजी करार झाला: रझुमोव्हस्की नावाने ओळखली जाणारी तीन क्वार्टेट, चौथी सिंफनी, कोरिओलान ओव्हर्चर, चौथा पियानो कॉन्चेर्टो आणि व्हायोलिन कॉन्चेर्टो यांचे ब्रिटनसाठीचे हक्क, किंमत 200 पौंड. व्हायोलिन कॉन्चेर्टोचं पियानोसाठी रूपांतर करून दे, हीदेखील क्लेमेंटीचीच मागणी. ते रूपांतर आज उपलब्ध आहे. ही यादी पाहून एक गोष्ट सरळ दिसते. एवढं नवं, अवघड संगीत घेताना या माणसाने लगेच काय खपेल याचा हिशेब केला नव्हता. पैसे द्यायला मात्र लंडनच्या भागीदारांनी फार उशीर केला. युद्धाने दळणवळण तुटलं होतं, कारखान्याला त्याच वर्षी आग लागली होती. तरी क्लेमेंटीने त्यांना खरमरीत पत्र लिहिलं की या काळातल्या एका श्रेष्ठ रचनाकारासमोर तुम्ही माझी मान खाली घालायला लावलीत. नंतर 'एम्परर' कॉन्चेर्टो सर्वात आधी छापला गेला तो क्लेमेंटीच्याच पेढीकडून, 1810मध्ये.

त्याच वर्षी तो लंडनला परतला, पुढच्या वर्षी एमा गिस्बर्नशी लग्न करून स्थिरावला. 1813मध्ये लंडनची फिलहार्मोनिक सोसायटी स्थापन झाली, त्यात तो होता. 'ग्रॅडस अ‍ॅड पर्नासम' हे त्याचं सर्वात मोठं काम याच उतारवयातलं: शंभर रचना, 1817, 1819 आणि 1826 अशा तीन भागांत. नाव ऐकून व्यायामाचं पुस्तक वाटतं, आणि इथेच त्याच्यावर दुसऱ्यांदा अन्याय झाला. मूळ ग्रॅडसमध्ये फ्यूग आणि कॅनन, म्हणजे एकच धून वेगवेगळ्या आवाजांत मागोमाग येणाऱ्या रचना आहेत, 'शेना पतेतिका' नावाची एक पूर्ण करुण रचना आहे. पुढे पियानोवादक टाउझिगने त्यातले बोटांच्या कसरतीचे तेवढे 29 तुकडे निवडून वेगळी आवृत्ती काढली. तीच घरोघर गेली आणि क्लेमेंटी म्हणजे कसरत हे समीकरण पक्कं झालं. फ्रेंच रचनाकार देबुसीने 'चिल्ड्रन्स कॉर्नर' या पियानोच्या रचनांत ज्या ग्रॅडसची प्रेमळ थट्टा केली, ती लोकांच्या मनात बसलेल्या या कसरतीची.

1827च्या डिसेंबरमध्ये लंडनच्या संगीतकारांनी त्याच्यासाठी मेजवानी दिली. पंच्याहत्तर वर्षांचा क्लेमेंटी, वर्षानुवर्षं लोकांसमोर न वाजवलेला, त्या रात्री पियानोवर बसला आणि हँडलची एक धून घेऊन त्याने उत्स्फूर्त विस्तार केला. 10 मार्च 1832 रोजी ईव्हशॅम या गावी तो वारला. दफन वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीमध्ये झालं. शिष्य क्रामर आणि फील्ड, तसंच पियानोवादक मोशेलेस हजर होते.

मोझार्टच्या प्रकरणाचा एक धागा राहिला. त्या रात्री क्लेमेंटीने वाजवलेल्या बी फ्लॅट सोनाटाची सुरुवात ऐका आणि मग मोझार्टच्या 'मॅजिक फ्लूट' या ऑपेराचं, 1791मधलं ओव्हर्चर (सुरुवातीचं वाद्यसंगीत) ऐका. जलद भागातली मुख्य धून जवळजवळ तीच आहे. मुद्दाम घेतली की कानात राहून गेली, त्यावर वाद घालण्यात मला रस नाही. मोझार्टने तिचा जो फ्यूग केला तो अद्भुत आहे. क्लेमेंटीने सोनाटा पुन्हा छापताना एवढी नोंद जोडली की ही आपण 1781मध्ये सम्राटापुढे मोझार्टच्या उपस्थितीत वाजवली होती.

शेवटी, मुलीने पुढे काय वाजवावं. सोनाटिनांपैकी पाचवी, जी मेजरची, तिला आवडेल. तिच्या मधल्या भागात एक स्विस धून आहे. तीन-चार वर्षांनी हात मोठा झाला की एफ शार्प मायनर सोनाटा, ओपस 25 मधली पाचवी. तिचा संथ भाग तर आताही ऐकवा, एका पानात माणूस किती एकटा असू शकतो ते त्यात आहे. जी मायनर, ओपस 34 क्रमांक 2, ही बीथोवनकडे जायच्या आधी वाजवावी, म्हणजे बीथोवनने ती जड, नाट्यमय भाषा कुणाकडून घेतली ते हाताला कळतं. 1821मधली ओपस 50 क्रमांक 3, 'दिदोने आब्बांदोनाता', प्रियकर सोडून गेलेल्या दिदो राणीची, ती मोठेपणीच. ऐकण्यासाठी व्लादिमीर होरोवित्झची 1950च्या दशकातली ध्वनिमुद्रणं शोधा, त्यानेच या सोनाटा पुन्हा लोकांच्या कानावर घातल्या. आणि आज संध्याकाळी ती सरावाला बसेल तेव्हा लय निम्मी करा, पहिले दोन बार तिला आधी गाऊन दाखवायला सांगा, मग पट्ट्यांवर हात ठेवू द्या.